दसऱ्याला घेऊ

मागच्या अंगणातला रेडबड पिवळा पडायला लागला की माझं डोकं फिरतं. सप्टेंबर उलटला की एक दिवस सकाळी चहाचा कप घेऊन दार उघडावं, तर वरच्या दोन-तीन फांद्या पिवळ्या झालेल्या असतात. खालचं सगळं अजून हिरवं. मग मी दार लावून घेते आणि दिवसभर त्या बाजूला फिरकत नाही.

मीनल, माझी लेक, हर्नडनहून फोन करते. "आई, झाड काढून टाकू या का? आय कॅन सेंड समवन." तिला वाटतं मला पानं गोळा करायचा कंटाळा येतो. अगं बाई, पानांचं काय घेऊन बसलीस! ते झाड तुझ्या बाबांनी लावलं. आपण इथे कॅरीला घर घेतलं त्याच वर्षी नर्सरीतून हातभर उंचीचं रोप आणलं होतं त्यांनी, का, तर म्हणे ह्याचं पान आपट्यासारखं दिसतं. दिसतं कसलं! आपट्याच्या पानाला दोन पाळ्या असतात, हे आपलं बदामासारखं एकच. पण ह्यांचं म्हणणं, "अगं, आपलं आपट्याचं पान हिरवंच द्यायचं आणि सोनं म्हणायचं. हे बघ, दसऱ्यापर्यंत खरंच सोन्याचं होतं. उलट जास्त प्रामाणिक झाड आहे." असले युक्तिवाद त्यांच्याकडे तयार असायचे.

मी ह्यांना 'हे'च म्हणायची. आमच्या पिढीची रीत. इतकी वर्षं झाली, अजून त्यांचं नाव घ्यायचं म्हटलं की जीभ अडखळते. फॉर्मवर लिहिते, बोलत नाही.

गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची. तेव्हा नॉर्थ कॅरोलिनातलं हे कॅरी म्हणजे दोन सिग्नल, एक ग्रोसरीचं दुकान आणि बाकी सगळी पाइनची झाडं. मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. हे रिसर्च ट्रँगल पार्कातल्या एका कंपनीत इंजिनिअर. मीनल अकरा-बारा वर्षांची. आणि आमच्यापासून दोन घरं सोडून वॉल्टर राहायचा. साठी उलटलेला, एकटा. ह्यांनी एकदा त्याचं लॉन मोअर दुरुस्त करून दिलं आणि तेव्हापासून तो ह्यांना 'सन' म्हणायला लागला. त्याची पिट्सबरोच्या बाजूला वडिलोपार्जित जमीन होती, पूर्वी तंबाखूची. आता तिथे नुसतं गवत, एक पडकं कोठार आणि कोठारामागे मातीचा उंच बांध. त्या बांधापुढे एका फळीवर सुपाच्या रिकाम्या डब्यांची रांग लावायची आणि शनिवारी दुपारी नेम धरून ते पाडायचे, हा त्याचा विरंगुळा. शिकार नाही, काही नाही. म्हणायचा, "टिनच्या डब्यांनी माझं काय वाईट केलंय ठाऊक नाही, पण मजा येते."

जूनमध्ये एका शनिवारी त्याने आम्हा तिघांना नेलं. मी आपली गाडीपाशी उभी, पदर खोचून, कानात कापूस. मला बंदुकीची भीती वाटायची. वाटायची म्हणजे काय, अजून वाटते. सिनेमातसुद्धा कुणी बंदूक काढली की मी स्वयंपाकघरात जाते.

वॉल्टरने ह्यांच्या हातात एक बोल्टवाली रायफल दिली. बोल्टवाली म्हणजे दर गोळीनंतर उजव्या बाजूची दांडी वर करून मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. ह्यांनी उजव्या खांद्याला दस्ता लावला आणि पहिली गोळी मारली. डबा जागच्या जागी. दुसरी, तिसरी, दहावी. माती उडतेय, डबे ढिम्म. मीनल खिदळायला लागली, "बाबा, यू आर स्केअरिंग द वर्म्स!" मलाही हसू आवरेना. हे कानापर्यंत लाल झाले.

वॉल्टर मात्र हसला नाही. तो ह्यांच्या समोर दहा पावलांवर जाऊन उभा राहिला, रायफल खाली ठेवायला लावली आणि म्हणाला, "दोन्ही डोळे उघडे ठेव. हात लांब कर आणि अंगठा बरोबर माझ्या नाकावर धर." ह्यांनी धरला. वॉल्टरने पाहिलं आणि म्हणाला, "तुझा डावा डोळा अंगठ्यामागे आहे. सन, तू डावखुरा आहेस."

"नो सर," हे म्हणाले, "मी उजवा आहे."

"हू टोल्ड यू दॅट?" वॉल्टर म्हणाला.

मला वाटलं, काय बाई ह्या म्हाताऱ्याचं भलतंच! पंधरा वर्षं मी ह्या माणसाला लिहिताना, जेवताना, आरती ओवाळताना पाहत होते. मला नाही का कळलं असतं? पण वॉल्टरने रायफल उचलून ह्यांच्या डाव्या खांद्याला लावली आणि हे जे उभे राहिले ना, ते मी कधी पाहिलं नव्हतं. पायांची जागा आपोआप बदलली. मान बरोबर टेकली. पहिली गोळी, आणि डबा हवेत.

पण बोल्टची दांडी उजवीकडे. डाव्या खांद्यावर रायफल घेतली की दर वेळी हात वरून पलीकडे न्यावा लागायचा, जेवताना शेजारच्याच्या ताटावरून हात नेऊन मीठ घ्यावं तसं. वॉल्टरने मग कोठारातून त्याच्या वडिलांची जुनी रायफल आणली. तिला खाली, चापाच्या भोवती, लोखंडी कडं होतं. तीच लिव्हर. बोटं त्यात घालायची, खाली ढकलायची, वर ओढायची, झाली तयार. खट, खटाक. ती मधोमध, त्यामुळे उजवा काय आणि डावा काय, तिला दोन्ही सारखेच. हे त्या लिव्हरकडे बघत राहिले. मग पाच डबे ओळीने पाडले. वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला नीट सांगता यायचं नाही. लग्नात नव्हतं ते. मीनल झाली तेव्हा जवळपास तसं होतं.

येताना रस्त्याच्या कडेला एक बाई उकडलेल्या शेंगा विकत होती. आपल्याकडच्यासारख्याच, मिठाच्या पाण्यातल्या. आम्ही त्या घेतल्या आणि गाडीत खात होतो. मीनल मागे झोपली. आणि तेव्हा, शेंगा सोलता सोलता, हे म्हणाले, "आई माझ्या डाव्या हाताला फडकं बांधून ठेवायची." मी म्हटलं, "काय?" तर म्हणाले, "कराडला. शाळेत जायच्या आधी. जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसवायची. शाळेत मास्तर पट्टीने मारायचे, ते वेगळं. मग सवय झाली. मी विसरूनच गेलो होतो गं." आणि हसले. मला तेव्हा काही बोलायला हवं होतं. मी शेंगांची टरफलं पिशवीत भरत बसले.

तिथून सुरू झाला तो उन्हाळा. स्वतःची लिव्हरची रायफल घ्यायची, छोट्या काडतुसांची, फक्त डबे पाडण्यापुरती. एवढंच. पण घेणारा इंजिनिअर, त्यातून मराठी. आमच्याकडे प्रेशर कुकर घेतला तेव्हासुद्धा तीन दुकानांत शिट्या मोजून झाल्या होत्या. ह्यांनी आलेखाच्या कागदाची एक हिरवी वही काढली आणि त्यात रकाने पाडले. वजन, नळीची लांबी, दस्त्याचं लाकूड, गोळी सुटल्यावर काडतुसाची रिकामी पुंगळी कुठून बाहेर पडते. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मला बसवून समजावून सांगितलं होतं, वरणाला फोडणी घालत असताना. "हे बघ, काहींची पुंगळी उजव्या बाजूने उडते. उजव्या माणसाला त्रास नाही. पण मी डाव्या खांद्यावर घेणार, म्हणजे ती माझ्या नाकासमोरून जाणार. मला वरून पुंगळी टाकणारी हवी. मग दुर्बीण बसवता येत नाही, पण दुर्बीण हवीय कुणाला!"

मी म्हटलं, "मला बघायला आलात तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणालात. आणि हिच्यासाठी वही?"

"तेव्हा दुसरं काही हातात धरून बघायची परवानगी नव्हती," हे म्हणाले.

"चावटपणा पुरे. फोडणी करपली."

शनिवारी आम्ही दुकानं पालथी घालायचो. हे आत आणि मी गाडीत, खिडकी खाली करून, विणकाम घेऊन. कधी मीनल आत जायची आणि बाहेर येऊन बातमी द्यायची. "ही इज होल्डिंग इट लाइक अ बेबी, आई." एखादी जड निघायची. एखादीची लिव्हर घट्ट. एकीचा दस्ता इतका आखूड की अंगठा नाकावर आपटायचा. घरी आल्यावर वहीत फुल्या पडायच्या.

आणि घरात हळूहळू ह्यांचा डावा हात बाहेर यायला लागला. दात डाव्या हाताने घासायचे. चहाचा कप डाव्या हातात. एकदा पाहिलं तर आमटी डाव्या हाताने ढवळत होते, आणि कौतुकाने स्वतःच्याच हाताकडे बघत होते. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस! मला कसंसंच व्हायचं. आपल्या घरात कुणीतरी अनोळखी माणूस वावरतोय असं काहीतरी. हे आज कबूल करते, तेव्हा मीच मला कबूल केलं नव्हतं.

त्या वर्षी अधिक महिना होता, अधिक श्रावण. जुलैत एक रायफल ह्यांना जवळपास पसंत पडली. मी म्हटलं, "अहो, अधिकात नवी वस्तू नको." हे म्हणाले, "बरं." तशीही ती पुढे वहीत नापास झाली. मग श्रावण, मग गणपती.

गणपतीला आमच्याकडे पंधरा-वीस मंडळी होती. आरती झाली, मी प्रसादाचं ताट फिरवत होते. ह्यांच्यापुढे आले आणि ह्यांनी सहज डावा हात पुढे केला. सगळ्यांसमोर मी तो हात झटकला. "अहो! डावा!" कुणीतरी हसलं. ह्यांनी लगेच उजवा पुढे केला, पेढा घेतला, कपाळाला लावला. पण डावा हात खिशात घातला आणि मंडळी जाईपर्यंत बाहेर काढला नाही. पट्टीने मारणारे मास्तर, फडकं बांधणारी आई, आणि त्यांच्या रांगेत तिसरी मी.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. मीनललासुद्धा नाही.

मग पितृपंधरवडा लागला, आणि नेमकी तेव्हा ती सापडली.

सॅनफर्डच्या रस्त्याला एक जुनं दुकान होतं. पुढे गळ आणि दोऱ्या, मागे भिंतीवर रायफली. आत तेलाचा आणि शिळ्या कॉफीचा वास. दुकानदार जाडजूड, मितभाषी. त्या शनिवारी मी गाडीतून पाहिलं, हे दुकानातून बाहेर आले ते जवळजवळ धावत. खिडकीत वाकून म्हणाले, "सापडली." सेकंडहँड होती. अक्रोडाचा दस्ता, हाताला हात लागून गुळगुळीत झालेला. वजनाला हलकी. पुंगळी वरून. "आणि काय सांगू तुला, दुकानदार म्हणाला की हिचा आधीचा मालकही डावखुरा होता. दस्त्याच्या उजव्या अंगाला गाल टेकून टेकून पॉलिश गेलंय. अगदी माझा गाल टेकतो तिथेच! तू आत येऊन बघ तरी."

मी गेले नाही. मी म्हटलं, "अहो, पितृपंधरवडा चालू आहे."

"फॉर्म भरला की झालं. अर्ध्या तासाचं काम."

"तेच म्हणतेय मी. ह्या पंधरा दिवसांत सुईसुद्धा नवी घेत नाहीत. आणि तुम्ही शस्त्र घेणार? दसऱ्याला घ्या. साडेतीन मुहूर्तांतला एक. वर शस्त्रपूजाच असते त्या दिवशी. दरवर्षी आपण स्क्रू ड्रायव्हर आणि गाडीच्या किल्लीला कुंकू लावतो, ह्या वर्षी खरं शस्त्र पूजेला बसेल."

हे खिडकीवर हात ठेवून उभे राहिले. डावा हात. म्हणाले, "इथे नॉर्थ कॅरोलिनात कराडचे पितर येतात कसे गं? त्यांना व्हिसा लागतो का?" मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "तुझ्या मनाला लागून राहणार असेल तर थांबू. अडीच-तीन आठवड्यांनी काय बिघडतंय! दसऱ्याला घेऊ."

परत आत गेले. दुकानदाराला सांगून आले की आमच्या धर्मात चांगला दिवस बघतात, तेवढं थांबा. त्या माणसाने एका अक्षराने विचारलं नाही. ह्यांचं नाव लिहून एक चिठ्ठी चापाच्या कड्याला दोऱ्याने बांधली आणि रायफल मागच्या कपाटात ठेवली.

आता खरं सांगते. पितर हा बहाणा होता. अधिक महिनासुद्धा बहाणाच. मी तिथी-वार पाळणारी होते, नाही असं नाही, पण एवढी कट्टर कधीच नव्हते. श्राद्धाच्या दिवसांत मीनलसाठी बूट आणले होते त्याच आठवड्यात, तेव्हा नाही आठवला पंधरवडा! मला ती बंदूक घरात नको होती. भीती वाटत होती, आणि भीती वाटते असं सरळ म्हणायला लाज वाटत होती. मला ठाऊक होतं की वॉल्टर थंडीत मुलीकडे फ्लोरिडाला जातो. दसरा ऑक्टोबर सरता सरता. त्यानंतर किती शनिवार उरणार? एक, दोन. मग थंडी, मग ह्यांचं वेड आपोआप ओसरेल, असा माझा हिशोब होता. आणि त्या डाव्या हाताचीही भीती वाटत होती. मला माझा जुना उजवा नवरा परत हवा होता. झालं, एवढं क्षुद्र होतं सगळं.

त्या दिवसांत हे इतके आनंदात होते! देवघरासमोर पाटाची जागा मोजून ठेवली. रोज ऑफिसमधून आले की आधी मागच्या अंगणात जाऊन रेडबड किती पिवळा झाला ते बघायचे आणि आत येऊन सांगायचे. "निम्मा झाला." मीनलने भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर दसऱ्याच्या चौकटीत लाल पेनने रायफलीचं चित्र काढलं. संध्याकाळी बाहेर रातकिडे, हवेत कुणीतरी पेटवलेल्या पानांचा धूर, आणि हे दिवाणखान्यात झाडूचा दांडा डाव्या खांद्याला लावून उभे. "अहो, लोक बघतील खिडकीतून," मी म्हणायची. "बघू देत," हे म्हणायचे. "खट, खटाक."

नवरात्र बसलं. तिसरी माळ होती. मी झेंडू ओवत होते, दुपारी दोनची वेळ. घटातलं धान्य नुकतं कुठे अंकुरलं होतं. ऑफिसमधून फोन आला. हे जेवून परत येताना पार्किंगमध्ये कोसळले. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं. हार्ट अटॅक. पूर्वी कधी साधी छातीसुद्धा दुखली नव्हती.

मी सुई दोऱ्यातच ठेवून गेले. आठ दिवसांनी परत आले तेव्हा ती माळ तशीच अर्धी ओवलेली डायनिंग टेबलावर होती, असं म्हणणार होते, पण तसं नाही. त्याच संध्याकाळी परत आले. आठ दिवस झाल्यासारखं वाटलं, एवढंच.

फ्यूनरल होममधल्या लोकांनी ह्यांना सूट घातला होता आणि छातीवर हात जुळवून ठेवले होते. उजवा वर, डावा खाली. मी बराच वेळ बघत उभी राहिले. वॉल्टर माझ्या शेजारी होता, टोपी हातात धरून. मी पुढे झाले आणि ह्यांचा डावा हात काढून उजव्याच्या वर ठेवला. थंडगार होता. वॉल्टरने मान वळवली, त्याचे खांदे हलायला लागले. त्याला कळलं. तिथे बाकी कुणाला कळलं नाही.

दसरा सुतकातच आला. आमच्याकडे सोनं द्यायला कुणी येणार नव्हतं. अंगणात रेडबड नखशिखान्त पिवळा झाला होता, एक हिरवं पान नाही. सकाळी साडेदहाला फोन वाजला. मीनलने उचलला. मी सोफ्यावर होते, मला तिची एकच बाजू ऐकू येत होती. "येस... नो, ही कान्ट कम... ही डाइड." मग रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाली, "आई, इट्स द स्टोअर. ते म्हणतायत, आय अॅम सो सॉरी. अँड ही सेज, तुम्हाला हवी असेल तर ती ठेवेन म्हणे. अॅज लाँग अॅज यू वाँट."

माझी मुलगी, बारा वर्षांची, हातात फोन घेऊन उभी. कॅलेंडरवर तिचं लाल चित्र.

मी म्हटलं, "सांग त्यांना, नको. विकून टाका म्हणावं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते मला अजून विसरता येत नाही. पण सांगितलं. "माय मॉम सेज नो थँक यू." फोन ठेवला, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

हिरवी वही मला डिसेंबरात सापडली, त्यांच्या गाडीच्या सीटखाली. वाटलं, रकाने असतील, फुल्या असतील. होत्याच. पण शेवटच्या पानावर मराठीत काहीतरी लिहिलेलं, वेडंवाकडं, मोठमोठ्या अक्षरांत, पहिलीतल्या मुलाने लिहावं तसं. आधी वाटलं मीनलचं. मग लक्षात आलं, हे डाव्या हाताने लिहायचा सराव करत होते. लिहिलं होतं: 'दसरा. दुकान दहाला उघडतं. हिला आत न्यायचं, गाडीत बसू द्यायचं नाही. हिला भीती वाटते. आधी हिच्या हातात द्यायची.'

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. पितर नाहीत, अधिक नाही, सगळं ठाऊक होतं. मी सांगितलं नाही आणि ह्यांनी उघडं पाडलं नाही. मी गाडीतच बसले आणि ओरडून ओरडून रडले. गॅरेज बंद होतं म्हणून बरं, नाहीतर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले असते. ह्यांच्यावरच रागावले होते. एकदा तरी म्हणायचं होतंत, की अगं, भितेस कशाला, चल आत! एकदा तरी माझं ऐकायचं नव्हतं! अर्ध्या तासाचं काम होतं. दोन शनिवार मिळाले असते. दोन शनिवार त्या माणसाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खऱ्या हाताने, पिट्सबरोच्या बांधावर डबे पाडले असते.

मार्चमध्ये धीर करून दुकानात गेले. पहिल्यांदाच आत. दुकानदाराने मला ओळखण्याचं कारण नव्हतं, पण माझी साडी बघून तो उठून उभा राहिला. नाताळात विकली गेली होती. "आय वुड हॅव केप्ट इट, मॅम," तो म्हणाला. मी म्हटलं, आय नो. तेवढंच बोलणं झालं. ती चिठ्ठी त्याने ठेवली होती, ती मला दिली. माझ्या पर्समध्ये आहे अजून, दोऱ्यासकट.

तेव्हापासून मी एक करते. दर पितृपंधरवड्यात मी काहीतरी नवं विकत घेते. मुद्दाम, पंचांग बघून. कढई घेतली आहे, चष्मा घेतला आहे, एका वर्षी तर सर्वपित्रीला गाडी घेतली. मैत्रिणी म्हणतात, हिचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणोत. मीनल पहिल्यांदा चिडायची, आता फोनवर विचारते, "सो आई, व्हॉट आर वी बाइंग धिस इयर?" तिच्या मुलाचा डावा हात चालतो. त्याला लहानपणी पेढा देताना मी नेहमी त्याच्या डाव्या हातात ठेवायची, मग कुणी काही म्हणो.

ह्या वर्षी पंधरवडा लागला तेव्हा झाडावर अजून दोनच फांद्या पिवळ्या होत्या. मी गाडी काढली. सॅनफर्डच्या रस्त्यावरचं ते दुकान कधीच गेलं, तिथे आता टायरवाला आहे. हायवेजवळच्या मोठ्या दुकानात गेले. मागच्या काउंटरला पोरसवदा बाई होती, केस वर बांधलेले. मी म्हटलं, मला लिव्हरची रायफल बघायची आहे, छोटी, डबे पाडायची. पुंगळी वरून टाकणारी. तिने भुवया उंचावल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कुंकू न लावणारी, पंजाबी ड्रेसवर स्वेटर घातलेली म्हातारी, आणि मागतेय काय! पण भली पोर होती. शोधून एक आणली, लिव्हर उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

चाळीस वर्षं मी ह्या गोष्टीला हात लावला नव्हता. घेतली. वाटली होती तेवढी जड नाही. भीती वाटली, भरपूर वाटली. दस्ता डाव्या खांद्याला लावला. गाल टेकला. लाकूड गार होतं. लिव्हर खाली ढकलली, वर ओढली. खट, खटाक.

आणि मला काय झालं कोण जाणे, त्या दुकानात, ट्यूबलाइटच्या उजेडात, मी मोठ्याने म्हणाले, "अहो, घेऊन टाका. आजच घ्या. मी आत आलेय."

"आय अॅम सॉरी, मॅम?" काउंटरमागची पोर म्हणाली.